कांडी, कोट आणि एक शंका

अध्यक्षांच्या हातातली कांडी हलली आणि कचेरी ओस टाकून आलेले कारकून बाकांवर चढले. कांडी डुलत डुलत टेबलावरच्या तिसऱ्या डब्याकडे वळली. त्याच डब्यात अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने सुरुंगाच्या दारूची पुडी ठेवली होती.

"मी हलवली नाही हो," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

कांडी विकायला आलेल्या विक्रेत्याने हात जोडले. स्फोटकं शोधणाऱ्या या यंत्राला बॅटरी लागत नाही, ते धरणाऱ्याच्या देहातल्या विजेवर चालतं. भिंतीपलीकडचं, पाण्याखालचं, पोटातलंसुद्धा हुडकतं, असं त्याने सांगितलं. फक्त जवळ कोणी शंका घेतली की लहरी रुसतात.

सीमेवरच्या नाक्यांसाठी सरकार जी यंत्रं विकत घेतं, त्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत मी 'जाणकार नागरिक' होतो. जन्म ग्रंथालयात गेल्यामुळे जाणकार ठरवलं असावं. सभेत मी आजवर "अनुमोदन" एवढंच बोललो होतो. पण माझा जावई अशाच एका नाक्यावर गाड्या तपासतो. कांड्या आल्या की तिथले कुत्रे निवृत्त होणार होते. "बाबा, कुत्र्याला निदान नाक असतं," मुलगी म्हणाली होती. "आता तरी तोंड उघडा."

मी उघडलं. "मला एक शंका आहे."

"बाहेर, डावीकडे," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यांनी अदबीने वाट करून दिली. इतक्या लोकांनी वाट करून दिल्यावर न जाणं बरं दिसेना, म्हणून मी गेलो.

परतलो तेव्हा मंडळी चहाला गेली होती. समितीतल्या डॉक्टरीणबाई मात्र डब्यांपाशी रेंगाळल्या होत्या. खरी शंका काय होती, असं त्यांनी विचारलं. मी चाचरत म्हणालो, पुडी कुठे आहे हे धरणाऱ्याला ठाऊक नसेल तरी कांडी वळेल का? बाईंनी पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि अध्यक्षांनी खुर्चीवर टाकलेल्या कोटाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याची माझी ती पहिलीच वेळ.

चहा घेऊन मंडळी परतली आणि खरेदीवर सही करतानाच्या फोटोसाठी अध्यक्षांनी कोट चढवला. बाईंनी आर्जव केलं म्हणून कांडी पुन्हा धरली. ती भक्तिभावाने तिसऱ्या डब्याकडे वळली. बाईंनी डबा उघडला. रिकामा.

एकच पळापळ झाली. अध्यक्ष कांडी घेऊन पुडी शोधत सभागृहभर फिरले. कांडी पंख्याकडे वळली, फुलदाणीकडे वळली, मग विक्रेत्याच्या पोटाकडे. शेवटी घाम पुसायला अध्यक्षांनी खिशातून रुमाल ओढला आणि पुडी त्यांच्याच बुटावर पडली.

"कोणीतरी शंका घेतली," विक्रेता कुरकुरला.

"मग नाक्यावर चोरटे काय श्रद्धा ठेवून येणार आहेत?" बाई म्हणाल्या.

त्यांनी कांडीची मूठ उघडली. आत नुसती पोकळी आणि एक सैल बिजागरी. मनगट केसभर कललं की दांडी घसरते, आणि मनात जी जागा असते तिकडे मनगट नकळत कलतं. प्लँचेटची वाटी फिरते तीही अशीच. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते. त्यांचा हात त्यांना न विचारता होकार देत होता. आमच्या समितीतही तेच चालायचं.

खरेदी बारगळली. नाक्यावर कुत्रे राहिले, आणि जावयाच्या हाती कांडी आली नाही.

चमत्कार दिसला की एवढंच विचारा: उत्तर आधीच कोणाला ठाऊक आहे? त्याला बाहेर पाठवा, वस्तू हलवा आणि चमत्कार पुन्हा करायला सांगा. आणि शंका आली तर माझ्यासारखे लाजू नका. ती दाबून ठेवणं प्रकृतीला वाईट, असं डॉक्टरीणबाईही म्हणतात.