दोनशे फूट पाइप

टँकर आला, भोंगा वाजवला आणि न थांबता पुढं निघून गेला!

बिडीवाल्यांच्या गल्लीत पहाटेपासून रांग लागलेली. घागरी, हंडे, डालड्याचे डबे, कुणीतरी तर कान तुटलेलं घमेलंसुद्धा मांडून ठेवलेलं. बायका आरडाओरडा करत टँकरमागं धावल्या. सगळ्यांच्या पुढं रुक्साना. दहावीत शिकणारी पोरगी, पायात वारं भरलेलं आणि तोंडात तर वादळच. वळणावर तिनं ड्रायव्हर लालसाबला गाठलंच.

"लालसाबचाचा, आमची गल्ली विसरलात व्हय?"

"विसरतोय कशाला बेटी?" लालसाबनं खिडकीतून यादी दाखवली. "नाव कापलंय बघ. तुमच्या गल्लीला नळ आलाय म्हणं. नळवाल्यास्नी टँकर न्हाय."

"नळ आलाय?" मागून धापा टाकत आलेली शेजारीण शिवबाई म्हणाली. "आणि उतरलाय कुणाच्या घरी? आमाला भेटला न्हाय की अजून!"

बायका पोट धरून हसल्या. पण ते हसू दुपारपर्यंतच टिकलं.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता तो. गल्लीच्या मागच्या विहिरीत दोर सोडला की बादलीत चिखल यायचा, तोही पावशेर. आणि या गल्लीला पाणी काही नुसतं प्यायला लागत नव्हतं. टेंभुर्णीचं पान भिजवल्याशिवाय कापता येत नाही, वळता येत नाही. कोरडं पान बोटात कडकन मोडतं. मोडक्या पानाची बिडी कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडते आणि छाटीची मजुरी मिळत नाही. म्हणजे पाणी नाही तर बिडी नाही, आणि बिडी नाही तर चूल नाही. इतकं सरळ होतं सगळं.

रुक्सानाची आई बिस्मिल्ला रोज लांबून मागून आणलेली अर्धी घागर समोर ठेवून बसायची. प्यायचं की पान भिजवायचं? चार दिवस तिनं पान भिजवलं. पाचव्या दिवशी उठताना भिंतीला धरलं आणि खालीच बसली.

आठव्या दिवशी एकवीस बायका सात रस्त्याचा चौक ओलांडून पाण्याच्या कचेरीत गेल्या. साहेबांसमोर बोलायचं कुणी, यावर चर्चासुद्धा झाली नाही. गेल्या जानेवारीत रुक्सानानं वक्तृत्वात पहिला नंबर काढला होता, स्टीलचा पेला जिंकला होता, तेव्हापासून गल्ली तिला वकिलीणच म्हणायची. वाटभर तिनं एकच वाक्य घोटलं होतं.

"साहेब, आमच्या गल्लीच्या नळाचे पैसे कुठं खर्च झाले, तेवढं आम्हाला दाखवा."

साहेब हे खात्याचे इंजिनिअर. भला वाटणारा, घामेजलेला माणूस. त्यांनी मोजमाप वही मागवली, बोट ठेवून वाचली. "पिंपळापासून मशिदीच्या भिंतीपर्यंत दोनशे फूट पाइप, अडीच फूट खोल. एक नळ. सहा हजार आठशे रुपये. कंत्राटदाराला बिल मिळालं. आणखी काय पाहिजे?"

"नळ पाहिजे," रुक्साना म्हणाली.

"आहे ना! हे बघा, तुम्हीच लिहून दिलंय."

त्यांनी कागद पुढं सरकवला. 'आमच्या गल्लीतील नळाचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे.' त्याखाली निळे अंगठे. एकतीस.

शिवबाई उसळली. "आमाला काय वाचता येतंय सायब? फसवून घेतल्यात अंगठे! कुणी वाचून दावलंच न्हाय."

साहेब पुढं वाकले. "खरंच वाचून दाखवलं नाही? तसं असेल तर गोष्ट वेगळी आहे. हा कागद रद्द होईल, चौकशी लागेल. टँकर मी उद्यापासून सुरू करतो." त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. "पण इथं खाली लिहिलंय, 'वाचून दाखविले, समजले.' सही आहे. रु. म. शेख. कोण हे?"

रुक्सानानं कागदाकडं पाहिलं. तो 'रु' तिचाच होता, शेपटी लांबवलेला, वहीच्या मागच्या पानांवर शंभरदा गिरवलेला.

वक्तृत्वाच्या दिवशीच तो माणूस हा कागद घेऊन आला होता. कंत्राटदाराचा. तिला शाळेला उशीर होत होता, पण वाचायचं म्हटल्यावर ती काय मागं हटते? वाचता वाचता 'पूर्ण झाले' पाशी ती अडखळलीसुद्धा. "अजून तर खड्डापण नाही काढला," ती म्हणाली होती. तो हसला होता. "असंच असतंय ताई. आदी अंगठा, मग माल. तुमच्या कारखान्यात काय असतं?"

आणि कारखान्यात तसंच असायचं! पान-तंबाखू घ्यायला गेलं की कारकून अगोदर वहीत अंगठा घ्यायचा आणि मग तराजू काढायचा. जन्मभर बायका त्याच क्रमानं जगल्या होत्या. रुक्सानापण आईचं बोट धरून तेच बघत वाढली होती. कुणालाच काही खटकलं नाही. तिनं झोकात सही ठोकली आणि शाळेला पळाली.

"कोण आहे रु. म. शेख?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"ऐसा कोई नई रहता साब हमारी गल्ली में," बिस्मिल्ला म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

कचेरीत एकवीस बायका श्वास रोखून उभ्या. रुक्सानानं फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच काम. उद्या टँकर आला असता. पण तिच्या डोक्यात एकच भुंगा: आपण खऱ्याखोट्याचा हिशेब मागायला आलोय, आणि पहिलं खोटं आपणच ठेवायचं टेबलावर? आणि खरं सांगितलं तर साहेबांना कळेलच की! खऱ्याला काय भ्यायचं?

"मी आहे," ती म्हणाली. "सही माझीच. वाचलंही मीच. पण साहेब, सही खरी असली तरी नळ नाहीये तिथं."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. "शाळा शिकलेल्या मुलीनं वाचून दाखवलं, मग फसवणूक कसली? मला कागदाबाहेर जाता येत नाही, बाई." आणि वही मिटली.

परतीच्या वाटेवर बायका तिला मागं टाकून पुढं चालल्या. उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. गल्ली जवळ आली तेव्हा शिवबाई थांबली. "लई शिकलीस की गं वकिलीण. एकतीस घरांचं पाणी तोडलंस एका शब्दानं. आता पी तुज्या बक्षिसाच्या पेल्यातनं."

घरात पानांचा पुडा सुपात तसाच होता, कडा वळलेल्या, उचलला तर वाजणारा. बिस्मिल्लानं त्याच्याकडं बघतच विचारलं, "मुँह बंद रखने को क्या जाता था गे?"

रुक्साना रडली नाही. म्हणजे रडायला लागली, पण घशात इतकं कोरडं होतं की रडणंसुद्धा नीट येईना.

सकाळी उजाडता उजाडता ती शिवबाईच्या दारात उभी राहिली. शिवबाईचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, त्याची जुनी कुदळ कोपऱ्यात असायची.

"मावशी, कुदळ दे."

"कशाला? जीव द्यायला विहीर हाय की कोरडी."

"पाइप शोधायला."

"दोनशे फूट खणणार? तू?"

"दोनशे कशाला? पाइप लांबीला टाकलाय ना? मग आपण गल्ली आडवी खणायची, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आठच फूट होतंय. पाइप असला तर कुठं पळून जातोय? लागेलच मधे. अशा पाच ठिकाणी खणायचं. पाची ठिकाणी नाही लागला तर नाहीच."

शिवबाई आत वळली. मग कुदळ दिली आणि दार लावून घेतलं.

मुरूम दगडासारखा. पहिल्या दहा घावांत तळहाताला फोड आला, विसाव्याला फुटला. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा मागून कुणीतरी माती ओढायला लागलं. तिनं वळून पाहिलं. अम्मी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात परात. मग समोरची खोरं घेऊन आली, मग पलीकडच्या दोघी. शेवटी शिवबाई आली, कुदळ हिसकावून घेत म्हणाली, "अशी धरत्यात व्हय? सर!"

ऊन माथ्यावर येईपर्यंत पाच चर झाले, कमरेइतके. आत मुरूम होता, एक फुटकं कौल होतं, आणि तिसऱ्या चरात कुणाच्या तरी हरवलेल्या बैलाची घंटा. पाइप नव्हता.

रस्ता उकरल्याची बातमी कचेरीत पोचायला वेळ लागत नाही. साहेब दोन माणसं घेऊन आले, लालेलाल होऊन. "सरकारी रस्ता आहे हा! दंड होईल. पाइप फुटला असेल तर भरपाईपण तुमच्याकडून!"

बायका मागं सरल्या. रुक्साना चरातच उभी होती, मातीनं माखलेली. ती घाबरली होती, खूप घाबरली होती, तरी तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"करा साहेब दंड. आम्ही भरतो. पण पावती पाहिजे. कुठं खणलं, किती लांब, किती खोल, पाइप किती फुटला, सगळं लिहून द्या."

"देतोच!" साहेबांनी टेप टाकायला लावली, खिशातून पेन काढलं. पाच चर. आठ फूट लांब. तीन फूट खोल. लिहीत गेले, लिहीत गेले, आणि पाइपापाशी पेन थांबलं.

त्यांनी पाचही चरांत वाकून पाहिलं. परत येऊन पिंपळाखाली उभे राहिले. रुमालानं मान पुसली.

"जरा प्यायला पाणी मिळेल का?" ते अगदी हळू म्हणाले.

"नळ हाय की सायब," शिवबाई म्हणाली. "घ्या की हवं तेवढं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी एकेका दारातली पालथी भांडी पाहिली. मग कागद गुडघ्यावर धरला आणि लिहिलं, 'पाइप आढळला नाही.' सही केली, तारीख घातली, पावती रुक्सानाच्या हातात दिली. दंड पंचाहत्तर रुपये. पंचवीस हजार बिड्यांची मजुरी, बिस्मिल्लानं मनात हिशेब केला आणि डोळे मिटले.

"याची नक्कल वर पाठवायला लागेल," साहेब म्हणाले. "कंत्राटदार मोठा माणूस आहे. टँकरचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"मग कोण सांगणार?"

"वरचे."

वरचे जिथं बसायचे तिथं त्या भर दुपारीच निघाल्या, रिकाम्या घागरींसकट. या खेपेला एकतीस जणी. शिपायानं फाटकातच अडवलं. वरचे साहेब दौऱ्यावर आहेत, परवा येतील, नाहीतर सोमवारी. रुक्सानानं कागद दाखवला. त्यानं हातात घेतला नाही.

बायकांनी घागरी पायऱ्यांवर ठेवल्या आणि भिंतीच्या कडेला बसल्या. सावली वीतभर होती, तीही सरकत होती. बिस्मिल्लानं भिंतीला डोकं टेकलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. रुक्साना उन्हातच उभी, कागद दोन्ही हातांत, घामानं शाई पसरू नये म्हणून लांब धरलेला.

शिवबाईनं तिच्याकडं दोनदा पाहिलं. मग आपला पदर आवरला आणि सावलीत जरा सरकून जागा केली.

"ये, बस हितं," ती म्हणाली. "सोमवार लांब हाय."