लाल टॅग कोणी काढला?

ऊर्जानगरात गुणवंतरावांना न घाबरणारा माणूस शोधून सापडला नसता. पॉवर स्टेशनचे सेफ्टी अधिकारी ते! हेल्मेटचा पट्टा ढिला दिसला, की माणूस गेटातूनच परत. दुरुस्ती चालू असलेल्या मशीनच्या स्विचवर तिथे लाल टॅग बांधतात: ‘माणसे कामावर आहेत, स्विच लावू नका.’ ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. दुसऱ्या कोणी हात लावला, तर गुणवंतराव एवढंच विचारत, "टॅग कोणी काढला?" समोरच्याचे पाय लटपटायला लागायचे.

असा हा वाघ घरच्या कम्प्युटरपुढे बसला, की त्याची पार शेळी व्हायची. शेळी दिसेल त्या पाल्याला तोंड लावते, तसे गुणवंतराव दिसेल ते डाउनलोड करायचे. हवामान सांगणारं, स्क्रीनवर मासे पोहवणारं, कम्प्युटर ‘तीनपट फास्ट’ करणारं. त्या शेवटच्यानंतर कम्प्युटर चालू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा.

शेजारच्या क्वार्टरमधली रोशनी महिनाभर हे बघत होती. अकरावीतली ही पोरगी त्याच कम्प्युटरवर जयंतीची स्मरणिका टाइप करत होती. कॉलनीभरचे लेख, घराघरातून मागून आणून स्कॅन केलेले छप्पन सालच्या धम्मदीक्षेचे फोटो, आणि तिचा स्वतःचा, आयुष्यातला पहिला लेख! सगळं उद्या चंद्रपूरच्या छापखान्यात द्यायचं होतं. गुणवंतकाकांचा बारा पानी लेखही होता. पंधरा दिवस दोन बोटांनी त्यांनी तो स्वतः टाइप केला होता: ‘तीस वर्षे, एकही अपघात नाही.’

सकाळी कॉलेजला निघताना रोशनी डोकावली, तर काका खुशीत.

"मथळ्याले हे वळणदार अक्षर पाह्य, रोशनी. फुकटचा फॉन्ट आहे, फुल व्हर्जन!"

तिने खालची ओळ वाचली. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’

"काका, चोर म्हणून राह्यला, आधी कुत्रं बांधा, मंग मी येतो. अन् तुम्ही साखळी शोधून राह्यले?"

"आता तू मले सेफ्टी शिकवशीन?"

"शिकून घ्या ना जी," आतून इंदुताई, म्हणजे काकू, म्हणाल्या.

रोशनीने स्मरणिका पेनड्राइव्हवर घेतली. "माझ्या लेखाले हात लावू नको, अजून सुधरवायचा आहे," काका गुरकावले. बरं, नाही लावत. तो लेख तसाच सोडून पेनड्राइव्ह तिने दप्तरात टाकला. मग शोकेसमधला काकांचा लाडका लाल टॅग काढून कम्प्युटरच्या स्विचला दोन गाठी मारून बांधला, आणि सायकलवर टांग टाकली.

दुपारी ती आली तेव्हा टॅग टेबलाखाली पडला होता. स्क्रीनवर इंग्रजीत धमकी होती: फाइली परत हव्या असतील तर पैसे भरा. एकही फाइल उघडत नव्हती. रोशनीने आधी इंटरनेटची वायर उपटली. मग सावकाश वळली.

"टॅग कोणी काढला?"

काकांचे पाय लटपटले का, ते टेबलामुळे दिसलं नाही.

"अवं... मले वाटलं, पोरीचा खेळ आहे."

"तीस वर्षं लोकायले गेटाबाहेर काढलं," इंदुताई म्हणाल्या. "आता स्वतः कुठी जाता?"

"स्मरणिका गेली का वं?" काकांनी विचारलं.

"स्मरणिका माह्या दप्तरात आहे. तुमचा लेख तेवढा गेला."

रोशनीला हसू आलं आणि तिने ते अजिबात दाबलं नाही. मनसोक्त हसून झाल्यावर वहीतली दोन पानं फाडून तिने पेनसकट काकांपुढे ठेवली. "हातानं लिहा. उद्या छापखान्यातच टाइप करून टाकू."

काकांनी मथळा लिहिला. ‘तीस वर्षे, एकही अपघात नाही.’ तो स्वतःशीच वाचून पाहिला. मग शेवटचे तीन शब्द खोडून त्यांनी वर लिहिलं: ‘एकच अपघात.’

"जमला का?"

"एक नंबर, काका. अन् आता बारा पानं नाई. दोनच."