पायरीखालची साक्ष

शाळू पोटऱ्यात आला होता तेव्हा मोजणीवाले आले. घोडनदीच्या काठच्या तुकड्यात त्यांनी यंत्र उभं केलं आणि एक जण चुन्याची फक्की घेऊन सरळ उभ्या पिकात शिरला. बयाबाई ओट्यावर लसूण निवडत बसली होती. तिला वाटलं, टेकाडावर जुनी खापरं बघायला येतात तसली शहरातली माणसं असतील. पाणी द्यावं म्हणून ती तांब्या घेऊन उठली. मग त्यांच्या मागून शंभू येताना दिसला, तिच्या चुलत दिराचा मुलगा, दौंडला प्लॉटिंगचा धंदा करणारा, आणि तांब्या तिच्या हातातच राहिला.

"काकी, कोर्टाचा निकाल झालाय," शंभू म्हणाला. आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही. "हा नदीकडचा तुकडा आमचा. घर बी त्यातच येतंय."

बयाबाईला हसूच आलं. कोर्टाचं तर कधीच मिटलं होतं. देवापुढं मिटलं होतं.

ते असं झालं होतं. बयाबाईचा नवरा गेणबा आणि शंभूचा बाप ज्ञानूआबा हे चुलतभाऊ. त्यांच्या बापांनी मेंढरं मोडून इनामगावच्या शिवारात जमीन केली. एकानं ताली घातल्या, दुसऱ्यानं विहीर खणली, आणि कुणाचं कुठवर ते तोंडी ठेवलं. तोंडचं बोलणं म्हणजे अळवावरचं पाणी, बाप होते तोवर ठरलं, बाप गेले आणि ओघळलं. ज्ञानूआबानं शिरूरच्या कोर्टात दावा लावला, की कसतो गेणबा, पण तुकडा माझा. गेणबानं वकील दिला. दोघं भाऊ तारखेला एकाच एसटीनं जायचे, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. भाकरीची फडकी वेगळी, पण कोरड्यास एकाच वाणाच्या वांग्याचं.

मग एका चंपाषष्ठीला, गावच्या खंडोबाच्या देवळात, भरीत-रोडग्याचा निवद दाखवून माणसं पांगल्यावर ज्ञानूआबा उठला आणि त्यानं म्हाताऱ्या गुरवापुढं ओंजळ धरली. बेल-भंडारा उचलून तो म्हणाला, की तुकडा गेणबाचा, विहिरीचं अर्धं पाणी माझं, आणि ह्या जमिनीपायी मी पुन्हा कोर्टाची पायरी चढणार नाही. चढलो तर देव माझं वाटोळं करो. त्याच्यामागं गेणबानं तीच ओंजळ धरली, तेच शब्द म्हटले. भंडाऱ्यानं दोघांची कपाळं पिवळी झाली. दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं अर्धं पाणी ज्ञानूआबाच्या रानात वाहू लागलं.

आणि कोर्टात मात्र कुणीच गेलं नाही. जाणार कोण? मिटलं हे सांगायला जायचं तरी पायरी चढावी लागणार, आणि पायरी तर भंडाऱ्यानं बांधलेली. वकिलाचा फोन आला तेव्हा गेणबा म्हणाला, मिटलं. वकील म्हणाला, मग दोघं येऊन सह्या करा. गेणबा म्हणाला, येता येत नाही. गेणबालाही वाटलं, वकिलालाही वाटलं, समोरच्याला समजलं.

गेल्या श्रावणात गेणबा पिकाला पाणी द्यायला दारं धरता धरता बांधावरच आडवा झाला. पाणी त्याच्या अंगावरून फुटून सरीत गेलं. डोक्यावर छप्पर आणि पायाखाली हा तुकडा, एवढं बयाबाईला मागं राहिलं. आता शंभू म्हणत होता, तेही नाही.

तिची लेक पूनम सणसवाडीच्या कंपनीत होती. तिनं खाडा केला, मैत्रिणीच्या ओळखीनं शिरूरची सीमा वकील गाठली आणि आईला घेऊन गेली. कोर्टाच्या पायरीशी बयाबाई थांबली. वहाणा काढल्या. शपथ नवऱ्याची होती. ती बायकोला लागते का, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं, कारण कुणी व्हय म्हटलं असतं तर? तिनं पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि वहाणा हातात धरून वर गेली.

सीमा वकिलानं मोबाईलवर नाव घालून दाव्याचा नंबर काढला. पण फाईल निकाली होऊन रेकॉर्डला गेलेली. ती बघायची तर अर्ज, अर्जाला स्टॅम्प, मग साहेबांचा हुकूम, मग रेकॉर्डमधून फाईल वर यायची. नक्कल हवी तर तिचा अर्ज आणखी वेगळा. कारकून भला होता. मावशी, हेलपाटा नको, सोमवारी या, म्हणाला. पण बयाबाई रोज येऊन बाकावर बसू लागली. आपण उठून गेलो आणि तेवढ्यात फाईल आली तर, हा धसका. दारातून बांधलेले गठ्ठे दिसायचे, लाल फडक्यातले, कडब्याच्या पेंढ्या रचाव्या तसे. जात्यावरची सवय, तोंडातल्या तोंडात ओवी आपोआप जुळली:

कोर्टाच्या दारामंदी, शाळू पेरला कागदाचा
राखण वकील करी, दाणा येईना कामाचा

फाईल आली. घरी न्यायची नाही, खूण करायची नाही, समोर बसून वाचायची. सीमानं रोजनामा वाचून दाखवला. प्रत्येक तारखेला एकच: प्रतिवादी पुकारले असता गैरहजर. प्रतिवादी गैरहजर. बयाबाई तारखा आपल्या हिशेबानं लावत होती. ही कांद्याची लागण चालली होती तेव्हाची. ही पूनमला बघायला आले त्या दिवसाची. तेव्हा मालक घरीच होते, धोतर धुवायला टाकून बाजेवर बसले होते. इथं कुणी तरी त्यांच्या नावानं हाळी देत होतं. शिरूरची हाळी इनामगावाला पोचत नाही. आणि पोचली असती तरी ते आले नसते, हे तिला बाकावर बसल्या बसल्या उमगलं.

निकाल एकतर्फी होता. दुसऱ्या बाजूला मात्र कुणी गैरहजर नव्हतं. ज्ञानूआबानं शंभूच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं, आणि प्रत्येक तारखेला शंभू उभा होता.

सीमानं समजावलं ते सरळ होतं. निकाल रद्द करून दावा पुन्हा चालवा असा अर्ज करता येतो. पण उशीर झालाय, आणि का आला नाहीत याला पटेल असं कारण पाहिजे. कारण एकच, मिटलं होतं. लेखी काही नाही. गुरव मेला. गेणबा गेला. उरला ज्ञानूआबा. त्याचं शपथपत्र घरी बसून करता येईल, पण समोरचा वकील उलटतपास घेणारच, आणि त्यासाठी म्हाताऱ्याला पिंजऱ्यात उभं राहावंच लागेल. "तो एवढंच बोलला, की आम्ही मिटवलं होतं, तर दार उघडेल," सीमा म्हणाली. "नाही बोलला तर मी काहीही लिहिलं तरी तो कागदच."

बयाबाई दौंडला गेली. शंभूचं घर रेल्वेच्या पलीकडं, माडीचं. माडीवर ज्ञानूआबाला एक खोली दिलेली. तो खिडकीशी बसून मालगाड्या बघत होता. शंभू घरी नव्हता, म्हणून बोलता आलं. बयाबाईनं पदर पुढं ओढला आणि सगळं सांगितलं. त्यानं काही नाकारलं नाही.

"खरं हाय," तो म्हणाला. "भंडारा मीच आधी उचलला. तुकडा गेणबाचा."

"मग तेवढंच सांगा, आबा."

"कुठं?"

"कोर्टात."

त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. "तितंच तर जाता येत न्हाई, पूनमच्या आई. तुला ठावं हाय."

"शंभू जातोय की. तुमच्या अंगठ्याच्या कागदावर."

"त्यो चढला. म्या न्हाई चढलो. पोरानं अंगठा मागितला, म्या दिला. खाली काय लिवलंय ते त्याचं त्याला."

तो कावा करत नव्हता, हे बयाबाईला दिसत होतं. त्याला ते खरंच वाटत होतं. आणि ते कसं पचवावं हेच तिला कळेना. दिरापुढं ती आजवर मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली.

"मेंढरं लोकाच्या रानात घालायची आन् आपुन बांधावर हुबं ऱ्हायाचं. म्हंजी आपुन न्हाईच चारलं, व्हय आबा?"

खाली गाडी गेली, म्हाताऱ्यानं तिचे डबे मोजले. मग म्हणाला, पायरीपतोर येतो. तिथं देव काय बुद्धी देईल ती.

ती तेवढ्या शब्दावर परतली. भीमेच्या पुलावरून एसटी जाताना तिनं पाण्याला हात जोडले. पूनमला फोनवर सांगितलं, येतो म्हणालेत. पायरीपतोर, हे शब्द तिनं गाळले. पूनमला सांगितलं नाही की स्वतःला, ते तिचं तिला ठाऊक.

अर्ज दाखल झाला. तारीख लागली. बयाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, तोवर शाळू हुरड्याला आला होता. शंभूच्या वकिलानं विचारलं, समन्स मिळालं होतं का? मिळालं होतं. वकील दिला होता का? दिला होता. मग तुमचे पती का आले नाहीत? बयाबाई म्हणाली, भंडारा उचलला होता. वकील हसला नाही, पण मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. लेखी काही आहे का? नाही. कुणी साक्षीदार?

"हाय," ती म्हणाली. "भाईर आलाय."

ज्ञानूआबा आला होता, हे खरं होतं. सकाळीच, शंभूला न सांगता, दौंडहून एकटा येऊन तो पायरीच्या खाली मातीत बसला होता. धुवट धोतर, कपाळावर भंडारा. शिपायानं दारात येऊन त्याच्या नावाचा पुकारा केला. म्हातारा उठला, पायरीशी आला आणि थांबला. दुसरा पुकारा झाला. त्यानं उजवा पाय उचलला. तो पाय हवेतच थरथरला, जसं पहिल्यांदा पाण्यात घातलेलं कोकरू थरथरतं, आणि पुन्हा मातीतच टेकला. तिसरा पुकारा झाला तेव्हा बयाबाई आतून धावत दारात आली होती.

"आबा, एक पाऊल."

"म्या हितनंच सांगतो," म्हातारा म्हणाला. "त्यास्नी ऐकाया सांग."

आणि तो सांगू लागला. मेंढरामागं हाळी घालणारा गळा, म्हातारपणातही खणखणीत. की मी ज्ञानू, खंडोबापुढं भंडारा उचलून सांगितलं होतं, तुकडा गेणबाचा, पाणी अर्धं माझं. पाणी मी आजवर घेतोय. तुकडा माझा नाही, माझ्या पोराचाही नाही. चहावाला किटली धरून उभा राहिला. तारखेला आलेली माणसं वळून बघू लागली. टायपिंगवाल्यांची बोटं थांबली. शंभू धावत आला, बापाचा दंड धरला, आबा, तमाशा करू नका, म्हणाला. म्हाताऱ्यानं हात झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

आत सीमानं साहेबांना विनंती केली, की साक्षीदार दारात आहे, खाली जाऊन त्याचा जबाब घ्यावा. साहेबांनी विचारलं, चालता येत नाही का? शंभूचा वकील म्हणाला, पाय धड आहेत, दौंडहून एकटे आलेत, साहेब. साहेबांनी खिडकीकडं पाहिलं. आवाज तिथवर येत होता, शब्द न् शब्द येत होता. त्यांनी सांगितलं, की ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी कोर्ट खाली उतरतं. ज्याचे चालतात त्यानं वर यावं. पिंजऱ्यात शपथ घेऊन बोललेलं तेवढं मी लिहू शकतो. सीमानं आणखी वेळ मागितला. साहेबांनी दुपारपर्यंत दिला.

दुपारपर्यंत बयाबाई पायरीवर बसली, म्हातारा पायरीखाली. तिनं त्याला पाणी दिलं. गेणबाची आण घातली, पूनमची घातली. शेवटी सांगितलं, की पाप लागलं तर मला लागू दे, मी गेणबाच्या वतीनं शब्द सोडते. तो म्हणाला, तू सोडशील, पण ज्यानं ऐकला त्यो कुठं सोडतोय. आणि रडला. ऊन डोक्यावर आलं, मग कलंडलं.

अर्ज नामंजूर झाला. सीमानं बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं. वर पुण्याला अपिलात जाता येईल, नकलेचा अर्ज मी आजच टाकते, पण ताबा तोवर थांबेल असं धरून चालू नका. पीक काढण्यापुरती, चारच दिवसांची, सवड शंभूच्या वकिलानं कबूल केली होती. घराबद्दल त्यानं काही कबूल केलं नव्हतं.

नकलेच्या अर्जावर बयाबाईनं अंगठा दिला. खाली उतरली तेव्हा शंभू गाडी आणायला गेला होता आणि म्हातारा एकटाच उभा होता. घसा बसला होता. तिच्याकडं त्यानं असं बघितलं, की जणू जड ओझं ठरल्या जागी उतरवून आलाय.

"ऐकलं ना समद्यांनी?" त्यानं विचारलं.

बयाबाईनं वहाणा मातीत टाकल्या, त्यात पाय घातले.

"ऐकलं, आबा," ती म्हणाली. "समद्यांनी ऐकलं."

आणि पदर नीट करून ती स्टँडकडं निघाली. घरी जाऊन शाळू काढायचा होता. कणसात दाणा पुरता भरला नव्हता अजून, पण थांबायला आता सवड नव्हती.