परग्रहावरची बंदूक

बंदूक परग्रहावरची होती, निदान मालिकेपुरती तरी. आतून ती जुनी, अस्सल रायफल. वरून सजावटवाल्याने नळ्या, दिवे आणि चंदेरी प्लास्टिक चढवून तिचा पार कायापालट केला होता. सेटवरची सारी हत्यारं दिग्दर्शकाच्या धाकट्या बहिणीच्या ताब्यात असत. सगळे तिला बंदूकवालीच म्हणत. तिचा शिरस्ता ठरलेला: बंदूक नटाच्या हातात देण्याआधी बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या खोबणीचा सरकता खटका, मागे ओढायचा आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर ती रोखली जाणार, त्या माणसाला आत बघायला लावायचं.

आज बोल्ट हलेना. फार खडखडतो म्हणून कालच्या गोळीबारानंतर सजावटवाल्याने वरचं प्लास्टिक पक्कं चिकटवून टाकलं होतं.

“ही मी देणार नाही,” ती म्हणाली.

“अगं, आज नुसता चाप ओढायचाय!” दादा कॅमेऱ्यामागून करवादला. “आग नंतर कॉम्प्युटरवर घालणार. आणि कालची काडतुसं तर उडवलीत ना सगळी?”

“उडाली असतील. बिनगोळीचं खोटं काडतूससुद्धा इतक्या जवळून डोळा फोडतं.”

“द्या हो ताई,” चिलखतात घामाघूम झालेला नायक म्हणाला, “खेळणं तर आहे.”

नेमकं हेच तिच्या डोक्यात जायचं. जरा नटवली की बंदूक खेळणं होते म्हणे!

“बहीण म्हणून ऐकून घेतोय,” दादा म्हणाला. “दे मुकाट्याने, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

या कामावर तिचा जीव होता. पण या प्रसंगात नळी थेट कॅमेऱ्यावर रोखायची होती, आणि कॅमेऱ्याला डोळा लावून दादाच बसणार होता.

“नाही येणार,” ती म्हणाली आणि तिने स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकखाली घुसवला. सजावटवाला “अहो, अहो!” करत धावला, तोवर अर्धी चंदेरी शान जमिनीवर पडली होती. बोल्ट मागे सरकला. आत काही नव्हतं.

“झालं समाधान? रिकामीच होती!” दादा म्हणाला. “उगाच राईचा पर्वत.”

“रिकामी आहे हे आत्ता कळलं. मघाशी तू तिच्यासमोर डोळा लावून बसणार होतास, तेव्हा नव्हतं रे माहीत.” बोलता बोलता तिचा आवाज कापला, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

दादा जागचा उठला. “बोल्ट मोकळा ठेवून प्लास्टिक परत चढव,” तो सजावटवाल्याला म्हणाला. “उशीर झाला तर होऊ दे.” मग बहिणीकडे न बघताच पुटपुटला, “आणि तू उद्या ये.”

“यायचं की नाही, ते मी ठरवीन,” ती म्हणाली आणि दुसरी बंदूक तपासायला घेतली.