वीस गुंठ्यांचा कागद

तोंडानं खोटं बोलायला गुरुलिंग गुरुजींची जीभ कधी वळली नसती, म्हणून त्यांनी ते लिहून दिलं. "सदर जागेबाबत शाळेच्या अभिलेखात कोणताही कागद आढळून आला नाही." बस, एवढंच. खाली सही, शिक्का, तारीख.

झालं होतं असं. अणदूरहून पाच किलोमीटर आत एका वस्तीवर गुरुजींची शाळा. पट घसरत घसरत चारवर आला, आणि शाळा बंद करून पोरं शेजारच्या गावात पाठवायचा हुकूम निघाला. गुरुजींची बदली झाली तुळजापूरला, घरापासून चालत दहा मिनिटांवर! अठरा वर्षं मोटारसायकलवर हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पण सामानाचा निकाल लावल्याशिवाय सोडतंय कोण? मोडके बाक, गंजलेले पत्रे, फुटकी टाकी, मुका झालेला संगणक, अशा त्रेचाळीस वस्तूंची यादी चार प्रतींत झाली. साहेब येऊन सगळ्यावर 'निरुपयोगी' असा शेरा मारून गेले, लिलाव झाला, आणि धुळाप्पा भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

राहिलं होतं ते कागदांचं कपाट. अर्धं वाळवीनं खाल्लेलं. एकेक कागद बघायचा, कामाचा असेल तो जपून ठेवायचा, उरलेला रद्दीत, असा नियम. गुरुजींनी मुलांच्या दाखल्यांचं रजिस्टर बाजूला काढलं आणि बाकीचे गठ्ठे पोत्यात कोंबायला लागले. त्यातला एक लाल फडक्यात बांधलेला होता. सोडून बघितला, तर आत स्टॅम्पपेपर. शाळेसाठी वीस गुंठे जागा देतो, शाळा बंद झाली तर जागा मला किंवा माझ्या वारसांना परत मिळावी, असं वस्तीवरच्या वजीर पटेलांनी लिहून दिलेलं, आणि खाली तेव्हाच्या सरपंचाची कबुली. गुरुजींनी वाचलं बरं का! चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

आता हा कागद वर दाखवायचा म्हणजे चौकशी, पंचनामा, पुन्हा चकरा. सोमवारी तर तुळजापूरला हजर व्हायचं होतं. बाहेर धुळाप्पा हॉर्न वाजवत होता.

"आवरा की गुरुजी! मला अजून ढोकीला जायचंय."

कुणी गुरुजींना लाच दिली नव्हती, कुणी दम दिला नव्हता. नुसता कंटाळा हो, दुसरं काही नाही. त्या कंटाळ्यापायी भल्या माणसानं कागद परत फडक्यात बांधला आणि पोत्यात टाकला.

महिनाभरानं सकिनाबी तुळजापूरला त्यांच्या दारात. वजीर पटेलांची बायको, सत्तरी ओलांडलेली, एसटीनं एकटीच आलेली.

"गुरुजी, आमच्या मुजम्मिलला घरकुल मंजूर झालंय. पण बांधायचं कुठं? जागाच न्हाय. सून फरहाना दोन लेकरं घेऊन पत्र्याच्या शेडात ऱ्हातीय. मुजम्मिलचे अब्बा म्हणायचे, शाळेला जागा देताना कागद केलाय, तो शाळेतच हाय. जरा बघता का?"

"बघतो, चाची," गुरुजी म्हणाले. त्यांनी चहा पाजला, एसटीत बसवून दिलं, आणि तडक धुळाप्पाचं गोदाम गाठलं.

"ती रद्दी व्हय?" धुळाप्पा हसला. "ती कवाच सोलापूरला गेली. पुठ्ठा झाला असंल तिचा."

पुढं वस्तीच्या लोकांनी त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं, जागा परत मिळावी म्हणून सकिनाबीनं अर्ज दिला, आणि तसा कागद होता का, अशी वरून गुरुजींना विचारणा आली. खरं लिहावं तर नोकरीची शेवटची दोन वर्षं चौकशीत जाणार. गुरुजींनी ती एक ओळ लिहून पाठवली.

ग्रामसभा त्याच रिकाम्या शाळेत भरली. गुरुजींना मुद्दाम बोलावलं होतं. ग्रामसेवक रामहरीनं गुरुजींचं पत्र खणखणीत वाचून दाखवलं आणि विचारलं, "सकिनाबी, तुमचं काय म्हणणं?"

म्हातारी भिंतीला धरून उठली. आता ही भांडणार, आपल्याला खोटं पाडणार, असं गुरुजींना वाटलं. खरं तर तेच व्हावं अशी त्यांची इच्छा होती.

"माझं काय म्हणणं असणार?" ती म्हणाली. "गुरुजींनी माझ्या लेकराला शिकवलंय. ते न्हाय म्हणतात तर न्हायच." मग शेजारी बसलेल्या सुनेकडं वळून, जरा हळू आवाजात, "फरहाना, तुझे सासरे माझ्याशी खोटं बोलले गं. मरायच्या आदल्या दिवशीसुदिक म्हणले, सकिना, घोर करू नको, लिहून ठिवलंय. मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील. काय का असंना, खोटंच की ते."

फरहानानं मान खाली घातली. गुरुजींनी ते ऐकलं. जमिनीचं एक वेळ ठीक होतं हो, पण हे? मेलेल्या माणसाला आपण खोटारडा ठरवलं?

"खोटं न्हाय बोलले ते!" गुरुजी उभेच राहिले. अठरा वर्षं वर्गात शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या घडीला घरचीच भाषा तोंडात आली. "कागद होता. म्या वाचला. वाचून रद्दीत घातला. माझं पत्र खोटं हाय."

रामहरी कसाबसा म्हणाला, "गुरुजी, शुद्धीवर हाय का? हे मला लिहावं लागंल. पेन्शन आडकंल तुमची."

"लिही."

सकिनाबी त्यांच्याकडं टक लावून बघत होती. "सही होती त्यावर?"

"होती चाची. उर्दूत."

"व्हय, उर्दूतच करायचे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. फरहानानं तिला धरलं. "ऐकलंस का गं?" म्हातारी सुनेला म्हणाली. "खरं बोलले होते ते. आन् म्या त्यांला भर सभेत..."

गुरुजी हात जोडून तिच्यासमोर गेले. "चाची, चुकलं माझं. माफ करा."

तिनं डोळे पुसले. "जागंचं काय व्हायचं ते होऊ द्या, गुरुजी. पण तुमी आज माझ्या तोंडून माझ्या माणसाला खोटं म्हणवून घेतलं. अल्ला तुमाला माफ करंल. मला न्हाय जमायचं ते."

ती सुनेचा हात धरून बाहेर पडली. गुरुजी हात जोडून तसेच उभे होते. रामहरीनं कोरा कागद पुढं सरकवला, तेव्हा ते खाली बसले आणि लिहायला लागले.