बसच्या पुढे

त्याने ब्रेक दाबला आणि बस गचका देऊन थांबली. उभे प्रवासी एकमेकांवर आदळले, कोणीतरी पुटपुटलं. चालकाचं तिकडे लक्ष नव्हतं. समोर, काचेच्या अगदी खाली, त्याची बायको सायकलवर होती.

परवापर्यंत ती त्याला डावीकडे दिसायची, सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यात. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची. बस कोंडीत अडकून रोज उशीर व्हायला लागला, मालकाची बोलणी खावी लागली, तेव्हा तिने सायकल घेतली. नवऱ्याची बस खोळंबलेली असायची आणि ती शेजारून सुळकन निघून जायची. त्याला रोज वेगळी गाडी मिळे, त्यामुळे ती कोण चालवतंय हे तिला कळायचंही नाही. डेपोत मात्र सगळ्यांना कळलं होतं. बायको पुढे गेली म्हणून त्याची टर उडवायचे.

पालिकेच्या सुनावणीत चालकांच्या वतीने तोच उभा राहिला. पट्ट्यामुळे रस्ता अरुंद झाला, बस थांब्याला लागत नाही, म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध उतरतात, असं त्याने ठणकावून सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. टाळ्याही पडल्या. घरी बायकोने विचारलं तेव्हा त्याने तेच पुन्हा सांगितलं. ती ऐकता ऐकता भाजी चिरत राहिली.

काल पालिकेने पट्ट्याच्या कडेचे खांब उपटले. आज मोकळ्या जागेत मोटारी घुसल्या होत्या आणि कोंडी होती तिथेच होती.

मोटारींच्या फटींतून वाट काढत ती त्याच्या पुढ्यात आली होती. उजवीकडून एक टेम्पो तिच्या अंगावर सरकू लागला, तसं तिचं हँडल लटपटलं. त्याने बस किंचित उजवीकडे घेऊन टेम्पोची वाट अडवली आणि माणूस चालेल अशा वेगाने तिच्या मागे निघाला. पाठीमागे हॉर्नचा गदारोळ उठला. कंडक्टर पुढे आला, म्हणाला, जागा आहे, घाल की पुढे.

"नाही," चालक म्हणाला.

दुकानाच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत त्याने दुसऱ्या कोणाला मध्ये येऊ दिलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती खुर्चीत बसली होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"उद्यापासून मी बसनेच जाते."

त्याने कारण विचारलं. ती सांगू लागली. सकाळी एक बस तिच्या मागे हात धुऊन लागली होती. पुढे जाईना, मागे राहीना. इंजिनाची धग पाठीला लागत होती. वळून बघायचाही धीर झाला नाही. तोल गेला असता तर थेट चाकाखाली. त्याच धसक्यात दुपारी हातून गिऱ्हाइकाची एक काच फुटली.

त्याने पेल्यात पाणी ओतून घेतलं.

"तो मी होतो," तो म्हणाला.

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मग हाक मारायची होती."

त्याने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. टेम्पो, हॉर्न, कंडक्टर, तिचं लटपटतं हँडल, सगळं त्याला लख्ख आठवत होतं. हाक मारता येते, हे मात्र त्याला सुचलंच नव्हतं.