सोमवारचं जेवण

हिशेबनीस हरिहरपंतांनी खर्चाच्या कागदावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"श्रीपादराव, मागल्या सोमवारी खानावळीत बारा आणे? महादेवाने रजा दिली वाटतं."

श्रीपादने टोपी काढली आणि उगाच झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली. कोपरीतल्या त्या शाईच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लेक नीला विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याने आणि सरोजने मिळून सोळा सोमवार धरले होते. सोमवारी तो कचेरीतला चहासुद्धा घेत नसे.

मालक भाऊ गादीवर बसले होते. फिरतीवरून आलेल्या माणसाकडे त्यांनी कधी पावती मागितली नव्हती; तो सांगेल तो खर्च द्यायचे. आज मात्र त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"चुकून लिहिलं असेल तर खोडून टाका," ते हलक्या आवाजात म्हणाले.

खोडणं सोपं होतं. पण मग पुढच्या प्रत्येक फिरतीनंतर भाऊ असेच कागद ओढून घेणार. आणि न खोडावं, तर हरिहरपंत डोंबिवलीत त्याच्याच शेजारी राहायचे. दिवेलागणीच्या आत गोष्ट सरोजच्या कानी गेली असती.

"चुकून नाही, भाऊ. जेवलोय मी. साताऱ्याला शाई खपवायला शाळा हिंडता हिंडता भोवळ आली. खानावळीतल्या बाईंनी बसवलं, पान वाढलं. नाही म्हणवेना."

हरिहरपंतांनी बोट मागे घेतलं. भाऊंनी कागदावर सही केली.

"ही गोष्ट इथेच राहील. काय हरिहर?"

"मी कशाला कुणाला सांगतोय," हरिहरपंत पुटपुटले.

"मीच सांगेन घरी," श्रीपाद म्हणाला.

तो घरी पोचला तेव्हा सरोज प्रसादाच्या चुरम्यासाठी तुपावर कणीक परतत होती. आजचा सोळावा सोमवार. आता कुठे भिंतीला टेकून बसू लागलेली नीला खाटेवरून तिच्याशी काहीबाही बोलत होती. कोटही न काढता श्रीपाद चुलीपाशी उकिडवा बसला.

"अगं, आपलं व्रत मोडलंय. माझ्याकडून. मागल्या सोमवारी मी जेवलो. चक्कर आली होती."

उलथनं थांबलं. सरोजने नीलाकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"काय जेवलात?"

"वरणभात."

तिने पदराने कपाळ पुसलं.

"गरम होता ना?"